नातवाच्या रिपोर्टमधलं एलडीएच

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या सुनेचं सिझर झालं. कळा चालू असताना बाळाचे ठोके अचानक कमी झाले, बाळाने पोटातच शी केली होती. जन्मल्यावर नातू रडला नाही, पिशवीने श्वास द्यावा लागला. फाइलवर अपगार गुण (दहापैकी) पहिल्या मिनिटाला ३ आणि पाचव्या मिनिटाला ६ असं लिहिलं आहे. पहिल्या रात्री हातापायांना झटके आले, औषध दिलं. आठ दिवस एनआयसीयूत होता. पाचव्या दिवसापासून अंगावर पितो, झटके परत आले नाहीत, त्यांचं औषध बंद करूनच घरी सोडलं. जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम.

पहिल्या दिवशीचे रिपोर्ट: एलडीएच १६४०, सीके-एमबी ११८, एसजीओटी २१०, एसजीपीटी ६४. तिसऱ्या दिवशी एलडीएच ९८०, एसजीओटी ९५. माझा भाचा पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. बाराव्या दिवशी त्याने घरी येऊन टाचेतून रक्त घेतलं, तर एलडीएच ६२० आणि समोर लाल बाण, कारण रिपोर्टवर मर्यादा १४० ते २८० छापली आहे. तो म्हणतो, मेंदूच्या पेशी अजून मरत आहेत, दर आठवड्याला तपासू. मोठ्या शहरांत अशा बाळांना थंड करतात, इथे केलं नाही, असंही म्हणतो. सून रात्र रात्र मोबाइलवर हे आकडे शोधते आणि रडते, 'माझ्यामुळेच झालं' म्हणते. मुलगा म्हणतो, एलडीएच नॉर्मल होईपर्यंत बारसं करायचं नाही. हे आकडे नेमकं काय सांगतात? आम्ही काय करावं?

उत्तर:

ताई, नमस्कार.

पुढच्या आठवड्याचं रक्त काढू देऊ नका. बाकीचं सगळं समजून घ्यायला वेळ आहे, ही सुई मात्र आजच थांबवता येते. तुमच्या नातवाएवढ्या बाळाच्या अंगात एकूण रक्त सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास असतं. त्यातून दर आठवड्याला थोडं थोडं काढायचं आणि त्या उत्तरावर उपचारात काहीच बदल होणार नाही, हे मला कोणत्याही बाळाच्या बाबतीत पटत नाही. तपासणी करावी ती तिच्या उत्तरावर पुढचं पाऊल ठरणार असेल तर.

दुसरं असं की तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही मध्येच सहज लिहून गेलात. पाचव्या दिवसापासून अंगावर पितो, झटके परत आले नाहीत, औषध बंद करून घरी सोडलं. एलडीएचच्या तिन्ही आकड्यांनी मिळून सांगितलं नाही तेवढं या वाक्याने मला नातवाबद्दल सांगितलं. ते का, हे कळायला आधी ही एन्झाइम्स काय आहेत ते बघू या.

तुम्ही शाळेत शिकवलंय, तेव्हा विकरं हा शब्द तुम्हाला नवा नाही. एलडीएच, सीके (सीके-एमबी हा त्याचाच एक प्रकार), एसजीओटी, एसजीपीटी ही सगळी विकरं, आणि त्यांचं काम पेशीच्या आत चालतं. पेशीला ऑक्सिजन मिळाला नाही की ती साखर अर्धवटच जाळू शकते. त्या वाटेवर शेवटी पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं ते एलडीएच. रक्तात मात्र ते वाढतं ते वेगळ्या कारणाने. ऑक्सिजन बराच वेळ कमी पडला की पेशीची ऊर्जा संपते, तिचं आवरण कमजोर होतं आणि आतलं विकर बाहेर झिरपून रक्तात येतं. रिपोर्टमध्ये मोजलं जातं ते हे झिरपलेलं.

आता कोणत्या पेशीतून झिरपलं? भाच्याची वाट चुकली ती इथे. एलडीएच जवळजवळ सगळ्याच पेशींत असतं: यकृत, हृदय, मूत्रपिंड, स्नायू, फुप्फुस, मेंदू आणि रक्तातल्या तांबड्या पेशी. नुसता आकडा पाहून ते कुठून आलं हे कुणालाही सांगता येत नाही. आणि ऑक्सिजन कमी पडल्यावर बाळाचं शरीर काय करतं हे माहीत असेल, तर मेंदूचं नाव सर्वांत आधी येतही नाही. आपल्या इंदूरला पाणी पाठवणारे जलूदचे पंप बंद पडले आणि नर्मदेचं पाणी आलं नाही, की आपण घरात काय करतो? बागेचा नळ बंद, धुणं उद्यावर, गाडी धुणं तर राहूच दे. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी तेवढं राखून ठेवतो. बाळाचं शरीर अगदी हेच करतं. कातडी, स्नायू, आतडी, मूत्रपिंड, यकृत यांच्याकडे जाणारं रक्त ते कमी करतं आणि मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी यांच्याकडचा प्रवाह चालू ठेवतं. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तात जी विकरं वाढलेली दिसतात, त्यांतला मोठा भाग ज्यांचा पुरवठा तोडला गेला त्या अवयवांकडून आलेला असतो. मेंदू वाचवण्यासाठी बाकीच्यांनी जे सोसलं, त्याची ती नोंद असते.

याचा अर्थ मेंदूला काही झालंच नाही, असा घेऊ नका. ऑक्सिजनची टंचाई फार वेळ चालली तर राखून ठेवलेलंही संपतं. नातवाला झटके आले, म्हणजे मेंदूला त्रास झाला होता, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. माझं म्हणणं एवढंच की मेंदूचा प्रश्न एलडीएचला विचारून सुटत नाही.

आता तुमचे आकडे घेऊ. पहिल्या दिवशी १६४०, तिसऱ्या दिवशी ९८०, बाराव्या दिवशी ६२०. मला यात एकच गोष्ट दिसते, उतार. पेशी अजून मरत असत्या तर आकडा चढता राहिला असता, निदान अडून तरी बसला असता. सीके-एमबी लवकर चढतं आणि साधारण तीन दिवसांत खाली येतं. एलडीएच मात्र रेंगाळतं, तीन दिवस उलटल्यावरही बऱ्याच बाळांत ते वर असतं.

मग लाल बाण का? कारण रिपोर्टवर छापलेली १४० ते २८० ही मर्यादा मोठ्या माणसांची आहे. नवजात बाळाचं एलडीएच पहिल्यापासूनच मोठ्यांच्या कितीतरी वर असतं. पहिल्या दोन आठवड्यांत हजाराच्या जवळचा आकडासुद्धा पूर्ण निरोगी बाळात दिसू शकतो. लॅबच्या मशीनमध्ये वयाप्रमाणे मर्यादा भरलेली नसेल तर ते प्रत्येक नवजात बाळाच्या नावापुढे बाण छापेल. बाळाचं वय दिवसांत घालून मर्यादा छापणाऱ्या लॅब आहेत, आणि नवजात बाळाचा रिपोर्ट तसाच यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. या एका बाणाने तुमच्या घरातली किती माणसं जागी आहेत ते बघा.

त्यात रक्त टाचेतून घेतलेलं. टाच टोचून, दाबून दाबून थेंब काढले की त्यातल्या काही तांबड्या पेशी फुटतात. तांबड्या पेशीच्या आत एलडीएच भोवतीच्या द्रवापेक्षा शंभरपटीहून जास्त असतं, त्यामुळे थोड्याशा पेशी फुटल्या तरी आकडा वर उडी मारतो. एसजीओटीही त्यात थोडं वाढतं. नमुना गुलाबी-लालसर दिसत होता का, एवढंच भाच्याला विचारा. लॅबमध्ये काम करणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळेल.

सीके-एमबीबद्दलही सांगते, कारण सूनबाई मोबाइलवर ते शोधत असतील तर समोर हार्ट अटॅकची पानं येत असणार. मोठ्या माणसात सीके-एमबी मुख्यतः हृदयाच्या स्नायूचं मानलं जातं. नवजात बाळाच्या हातापायांच्या स्नायूंतही ते बऱ्यापैकी असतं, आणि जन्माच्या वेळी स्नायूंना बसलेला दाब, स्नायूत दिलेलं इंजेक्शन, झटके यांनी एकूण सीके वाढतं. म्हणून ११८ म्हणजे हृदयाचा झटका, असं अजिबात नाही. हृदयावर ताण आला होता का हे बघायचं असेल तर ट्रोपोनिन, ईसीजी आणि इको जास्त सरळ सांगतात, आणि इको झाला असेल तर तो फाइलमध्ये असेलच.

एसजीओटी २१० आणि एसजीपीटी ६४ या जोडीकडे मात्र मी जरा थांबून पाहिलं. एसजीओटी स्नायू, हृदय, तांबड्या पेशी, यकृत अशा अनेक ठिकाणांहून येतं, एसजीपीटी बहुतेक यकृतातूनच. पहिलं वाढलं आणि दुसरं फारसं नाही, म्हणजे यकृताला मोठा फटका बसला नसावा. पण एसजीपीटी कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं, आणि तिसऱ्या दिवसाचा तो आकडा तुमच्या पत्रात नाही. फाइलमध्ये सापडला तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिनही तिसऱ्या दिवसाचं बघायचं, पहिल्या दिवशीच्या आकड्यात आईच्या रक्तातलं क्रिएटिनिनच मोजलं जातं.

तुम्ही विचाराल, मग या तपासण्या करतातच कशाला? त्यांचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो. आपल्याकडे कितीतरी बाळं घरी किंवा छोट्या दवाखान्यात जन्मून, आजारी पडून, कुठलाही कागद हातात नसताना मोठ्या रुग्णालयात येतात. जन्मल्याबरोबर रडलं का, अपगार किती होता, काहीच माहीत नसतं. अशा वेळी बाळाची ही अवस्था जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडल्याने आहे की जंतुसंसर्ग किंवा दुसऱ्या कशाने, हे ओळखायला विकरांची मदत होते. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २००८ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये नेमका याच प्रश्नाचा अभ्यास मांडला होता: आजारी नवजात बाळात एलडीएच, सीके आणि यकृताची विकरं पाहून मागे घडलेली गुदमर ओळखता येते का. ठोके कमी झाले, पाण्यात शी होती, अपगार ३ होता, पिशवीने श्वास दिला, हे सगळं तुमच्या नातवाच्या फाइलमध्ये लिहिलेलंच आहे. जे डोळ्यांसमोर घडलं ते ओळखायला आता विकरांची गरज नाही.

अपगारची गोष्टही इथेच सांगते. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली ही मोजणी प्रसिद्ध केली: रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास, प्रत्येकाला ० ते २ गुण. बाळाला ताबडतोब मदत हवी का, हे सांगण्यासाठी ती आहे. पहिल्या मिनिटाचे ३ गुण भविष्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत. पाचव्या मिनिटाला ६ झाले याचा अर्थ दिलेल्या श्वासाला बाळाने साथ दिली. जगात जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी पाच ते दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला कुणाची तरी मदत लागते. तुमच्या नातवाला ती वेळेवर मिळाली, ही साधी गोष्ट नाही.

आता खरा प्रश्न, मेंदूचा. मेंदूतून येणारे काही पदार्थ, जसं एनएसई किंवा एस-१००-बी, संशोधनात मोजतात, पण रोजच्या उपचारात आम्ही त्यांच्या भरवशावर आईबापांना काही सांगत नाही. आम्ही बाळाकडे बघतो. १९७६ साली हार्वे आणि मार्गारेट सार्नाट यांनी गुदमरलेल्या बाळांच्या मेंदूच्या त्रासाचे तीन टप्पे मांडले, सौम्य, मध्यम आणि तीव्र, आणि ते आजही वापरले जातात. बाळ किती जागं आहे, अंग ढिलं की ताठ, चोखतं का, दचकतं कसं, झटके आहेत का, यावर टप्पा ठरतो. झटके आले म्हणजे तुमचा नातू बहुधा मध्यम टप्प्यात गेला होता. फाइलवर 'एचआयई स्टेज २' असं लिहिलंय का ते पाहा, एचआयई म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याने मेंदूला झालेला त्रास. सार्नाट यांचा गट छोटा होता, पण त्यांना दिसलेली गोष्ट पुढेही आमच्या कामी येत राहिली: जी बाळं तिसऱ्या टप्प्यात गेली नाहीत आणि दुसऱ्या टप्प्याची लक्षणं पाच दिवसांच्या आत ओसरली, ती पुढे सामान्य दिसली.

म्हणून मला पाचव्या दिवसाचं ते अंगावर पिणं एवढं मोलाचं वाटतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींची लय बाळाचा मेंदू सांभाळत असतो. आजारी मेंदूला ही लय लवकर जमत नाही. तुमच्या नातवाला ती पहिल्या आठवड्यातच जमली.

तरी मी 'काही होणार नाही' असं लिहून देणार नाही. मध्यम टप्प्यातून गेलेली पुष्कळ मुलं चांगली वाढतात. काहींना पुढे हालचालीत, ऐकण्यात, बोलण्यात किंवा शाळेच्या वयात लक्ष देण्यात अडचण येते. तुमचा नातू यांपैकी कोणत्या वाटेने जाईल हे आज कोणतीही रक्ततपासणी सांगू शकत नाही. त्यासाठी तीन गोष्टी उपयोगी पडतात: मेंदूचा एमआरआय, डॉक्टरांनी वेळोवेळी केलेली तपासणी आणि त्याची स्वतःची वाढ. एमआरआय झाला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वांत चांगलं सांगतो, पण नंतरही काढता येतो. झटके आलेल्या बाळाच्या बाबतीत तो काढावा का, हा प्रश्न पुढच्या भेटीत नक्की विचारा. बऱ्याचदा भूल द्यावी लागत नाही, पोटभर दूध पाजून, गुंडाळून, झोपेतच होतो. आणि तो एलडीएचसारखा दर आठवड्याला करायचा नसतो.

थंड करण्याबद्दल. भाचा म्हणतो ते खोटं नाही. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत, जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून, ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर ७२ तास ठेवलेल्या बाळांत मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं, आणि तिकडे ती नेहमीची उपचारपद्धती आहे. आपल्याकडचं चित्र मात्र वेगळं निघालं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर 'हेलिक्स' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के, आणि अपंगत्वातही फायदा दिसला नाही. यावर डॉक्टरांमध्ये अजून चर्चा चालू आहे, आपल्याकडची काही केंद्रं नीट निवडून हा उपचार देतातही. पण नातवाला थंड केलं नाही म्हणजे त्याचा हक्काचा उपचार हुकला, ही बोच मनातून काढून टाका. त्या रात्री उबदार ठेवणं, साखर, रक्तदाब आणि श्वास सांभाळणं, झटके थांबवणं, हेच उपचार होते आणि ते झाले.

आता सूनबाईंबद्दल. मला या पत्रात नातवाइतकीच त्यांची काळजी वाटली. 'माझ्यामुळे' याला काही आधार नाही. वार सुटणं, नाळ दाबली जाणं, कळांत वारेचा रक्तपुरवठा कमी पडणं यांतलं काहीही आईच्या खाण्यापिण्याने, बसण्याउठण्याने होत नाही. हे त्यांना तुम्ही सांगा, सासू म्हणून, सगळ्यांसमोर आणि पुन्हा पुन्हा. आपल्या घरांतून अशा वेळी कुणीतरी आत्या-मावशी 'सातव्या महिन्यात फार हिंडली' असं बोलून जाते, ते तोंड तुम्हीच बंद करू शकता. रात्रीचं एक दूध तरी काढून ठेवून मुलाने पाजावं आणि सूनबाईंना सलग चार-पाच तास झोप मिळावी. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येतं, बाळाकडे बघवत नाही, जगणं नकोसं वाटतं असं काही असेल तर वाट बघू नका. त्यांच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथे मराठी-हिंदीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

बारसं करा. मुलाला माझा निरोप द्या की एलडीएच नॉर्मल होण्याशी नाव ठेवण्याचा काडीचाही संबंध नाही. गर्दी तेवढी कमी ठेवा, सर्दी-खोकला असलेल्यांना पाळण्याजवळ येऊ देऊ नका, बाळ हातोहात फिरवू नका. पण गोविंदा घ्या, गोपाळ घ्या म्हणायला तुमच्या नातवाने काय कमी कमावलंय!

रक्ताऐवजी काय बघायचं, ते आता नीट सांगते, कारण पुढचं दीड-दोन वर्ष हेच काम आहे. दर भेटीत डोक्याचा घेर टेपने मोजून तक्त्यावर मांडून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत सुमारे एक. वजन वाढतंय आणि डोकं वाढत नाही, असं झालं तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. दोन महिन्यांच्या आसपास तो तुमच्याकडे बघून हसायला हवा आणि चेहऱ्यामागे नजर फिरवायला हवी. चार महिन्यांपर्यंत मान धरायला हवी. तीन महिन्यांनंतरही अंगठा आत घालून मुठी घट्टच राहतात, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि सोडवत नाहीत, वर्षाच्या आतच तो एकच हात वापरतो, यांतलं काही दिसलं तर 'मुलगे उशिराच करतात सगळं' म्हणून थांबायचं नाही. लवकर सुरू केलेल्या फिजिओथेरपीने जो फायदा होतो तो उशिरा सुरू केल्यावर होत नाही, कारण पहिल्या वर्षात मेंदू सर्वांत जास्त नव्याने घडत असतो.

सूनबाईंच्या हातात मोबाइल राहणारच असेल तर त्याला चांगलं काम द्या. नातू तीन-साडेतीन महिन्यांचा झाला की, तो जागा आणि खुशीत असताना, पाठीवर मोकळा झोपवून, खेळणं न दाखवता, कुणी न बोलता दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. त्या वयात निरोगी बाळाच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत सतत बारीक, गोल, मजेदार हालचाली चालू असतात. जाणकार डॉक्टर किंवा थेरपिस्ट नुसता तो व्हिडिओ पाहून पुढच्या हालचालींबद्दल एलडीएचपेक्षा कितीतरी जास्त सांगू शकतात.

कानांची बेरा तपासणी, म्हणजे ऐकू येतं का हे पाहणारी तपासणी, तीन महिन्यांच्या आत करून घ्या. गुदमरलेल्या आणि एनआयसीयूत राहिलेल्या बाळांसाठी ती आवश्यक आहे, आवाजाला दचकतो म्हणून टाळू नका. या सगळ्यासाठी खाजगीतच जावं लागतं असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात जिल्हा पातळीवरच्या लवकर हस्तक्षेप केंद्रांत वाढीची तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. इंदुरात एमवाय रुग्णालय आणि चाचा नेहरू बाल चिकित्सालय यांच्या बालरोग विभागात चौकशी करा, ते योग्य ठिकाणी पाठवतील.

घरातल्या रीतींपैकी मालीश चालेल, हलक्या हाताने. नाका-कानात तेल घालणं, डोकं दाबून गोल करणं, गुटी, मध, वेखंड चाटवणं नको. सहा महिने फक्त आईचं दूध. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी तर मुळीच नको. श्वासाच्या त्रासातून आलेल्या बाळाजवळ धूर कशाला? लसी वेळेवर द्या, देताना झटक्यांची हकीकत तेवढी सांगा.

आणि हे दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा: दूध ओढणं एकदम कमी होणं, उठवूनही न उठणं, श्वास मध्येच थांबणं किंवा ओठ निळे पडणं, नजर एका बाजूला खिळणं, तोंडाची सतत चघळल्यासारखी हालचाल, हातपाय सायकल चालवल्यासारखे लयीत हलणं आणि धरले तरी न थांबणं. नुसता दचकण्याचा थरथराट हाताने धरला की थांबतो, झटका थांबत नाही. निघताना डिस्चार्ज कार्ड बरोबर असू द्या. झटक्यांसाठी कोणतं औषध किती दिवस दिलं हे त्यावर लिहिलेलं नसेल, तर एनआयसीयूत जाऊन या आठवड्यातच लिहून घ्या. नाळेच्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता, काढला असेल तर तोही.